कारणाचा रकाना

गेल्या पंधरवड्यात एक निवेदन माझ्या सहीसाठी घरी आले. घेऊन येणारे गृहस्थ परके नव्हते. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत त्यांचा यंत्रांचे सुटे भाग करण्याचा लहानसा कारखाना आहे, तीस वर्षांचा आमचा घरोबा आहे, आणि मी निवृत्त झालो त्या दिवशी मला घरी सोडायला जे चौघे आले होते त्यांत तेही होते. निवेदनाखाली चाळीसेक सह्या आधीच झाल्या होत्या. मी ते दोनदा वाचले, चष्मा काढून ठेवला आणि सही करणार नाही असे सांगितले. ते दुखावले, समोर ठेवलेला चहाही न घेता उठले, आणि पायरी उतरताना म्हणाले, "नाही म्हणता, तर कारण तरी लेखी द्या." त्यांची ही मागणी रास्त आहे. नकार देणाऱ्याने त्याची कारणे लेखी नोंदवावीत, हा आपल्या शस्त्र कायद्याचाही दंडक आहे. तो मी माझ्यापुरता पाळतो.

निवेदनाची मागणी थोडक्यात अशी, की वयाची एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि गुन्ह्याचा डाग नसलेल्या कोणत्याही नागरिकाने अर्ज केला, तर पिस्तूल विकत घेण्याचा आणि ते अंगावर झाकून वागवण्याचा परवाना त्यास मिळालाच पाहिजे; "तुम्हांस शस्त्राची गरज काय" असे विचारण्याचा अधिकार पोलीस आयुक्तालयास असू नये, आणि अर्जाच्या नमुन्यातील कारणाचा रकाना काढून टाकावा. समर्थनार्थ अमेरिकेतील राज्यांचे दाखले दिले आहेत, इंग्रजांच्या शस्त्रबंदीची आठवण दिली आहे, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात सातपुरातल्या एका बारमध्ये झालेल्या गोळीबाराचा उल्लेख करून, आता आम्ही कोणाच्या भरवशावर राहावे, असा प्रश्न विचारला आहे. या शेवटच्या प्रश्नातील भीती खरी आहे, हे मी आरंभीच मान्य करतो. रात्रपाळी संपवून कार्बन नाक्यावरून दुचाकीने एकट्याने घरी येणाऱ्या माणसाला जी धास्ती वाटते, तिची टिंगल मी करणार नाही. परंतु भीती खरी असली म्हणजे तिच्यावर सुचवलेला प्रत्येक उपाय खरा ठरतो असे नाही.

प्रथम कायद्याविषयीची एक समजूत दुरुस्त करणे प्राप्त आहे. निवेदनाच्या मसुद्यात 'झाकून वागवण्याचा परवाना' ही जणू काही आपल्याकडे नाकारली गेलेली वेगळी सनद आहे, असे गृहीत धरले आहे. अमेरिकेत ती तशी असते. तेथे बंदूक विकत घेणे ही एक गोष्ट, ती उघडपणे वागवणे दुसरी, आणि कपड्याखाली झाकून वागवणे तिसरी, आणि या तिन्हींचे नियम राज्याराज्यांत इतके भिन्न, की एका राज्याने दिलेला परवाना सीमेपलीकडील दुसऱ्या राज्यात मानला जाईलच असे नाही. आपल्याकडे शस्त्रे हा विषय घटनेने संघसूचीत घातला असल्यामुळे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम सातपूरला जेवढे लागू तेवढेच पाटण्याला लागू. बाळगण्याची आणि वागवण्याची परवानगी येथे एकाच परवान्यात असते, त्याचे कार्यक्षेत्र त्याच्यावरच नमूद असते, आणि पिस्तूल सार्वजनिक जागी न्यायचे तर ते अंगाशी बांधलेल्या म्यानात, पूर्ण झाकलेले आणि ताब्यात असले पाहिजे, असे नियमच सांगतात. शस्त्र झाकणे हे आपल्याकडे परवानाधारकाचे कर्तव्य आहे. ते दाखवत फिरणे हा अपराध. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. तेव्हा माझ्या स्नेह्यांना जे हवे आहे त्यातील 'झाकून' हा भाग कायद्यात आहेच. नको आहे तो फक्त 'कशासाठी' हा प्रश्न.

हाच प्रश्न न्यूयॉर्क राज्याचा कायदा शंभराहून अधिक वर्षे विचारीत होता. पिस्तूल अंगावर वागवायचे तर त्यास योग्य कारण दाखवले पाहिजे, अशी तेथे अट होती. २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण त्यांच्या घटनेच्या १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगणे व वागवणे हा नागरिकाचा हक्क मानला आहे आणि हक्क बजावणाऱ्याकडे कारण मागता येत नाही. निवेदनकर्त्यांनी या निकालाचा आधार घेतला आहे. त्यांनी आपल्या घटना समितीचे कामकाजही वाचावयास हवे होते. शस्त्राच्या हक्काचे असे कलम आपल्याकडे नजरचुकीने राहून गेलेले नाही. १९४८ च्या डिसेंबरात हरि विष्णु कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती रीतसर मांडली होती, १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावाचा आधार तिला होता, आणि डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता, की परकीय सत्तेखाली ही मागणी करणे निराळे. आता परिस्थिती पालटली आहे, आणि शस्त्र धारण करण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी ते धारण करण्याचे कर्तव्य महत्त्वाचे आहे. कराचीच्या ठरावातही हा हक्क नियमांच्या आणि निर्बंधांच्या अधीनच सांगितला होता. २०२३ च्या फेब्रुवारीत, उत्तर प्रदेशातील बिनपरवाना शस्त्रांचा विषय स्वतःहून हाती घेताना, आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हाच भेद पुन्हा सांगितला: अमेरिकेत तो घटनादत्त हक्क आहे, येथे नाही. जो पाया आपण विचारपूर्वक घातलाच नाही, त्यावरचा मजला दाखवून 'आमच्याही घराला असाच बांधा' म्हणणे हा युक्तिवाद नव्हे.

इंग्रजांच्या शस्त्रबंदीविषयी मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण निवेदनाच्या त्या परिच्छेदात नाशिकचे नाव आले आहे आणि ते ज्या प्रकारे आले आहे त्याने मला क्लेश झाले. व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत झालेला १८७८ चा शस्त्र कायदा हा अपमानच होता. युरोपियनांना मोकळीक आणि एतद्देशीयांना बंदी, असा तो रंगावरून माणूस पारखणारा कायदा होता. त्या अपमानाची धग ज्या पिढीने सोसली तिच्यातल्या अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री, विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तुलाच्या गोळ्या झाडल्या, आणि १९ एप्रिल १९१० रोजी कर्वे व देशपांडे या साथीदारांसह ठाण्याच्या तुरुंगात तो फाशी गेला. त्या पिस्तुलाचा परवाना कोणी कोणाकडे मागितला नव्हता. ते विलायतेहून लपवून आलेले होते, आणि वापरणाऱ्याने त्याची किंमत स्वतःच्या गळ्याने मोजली. त्या मुलाचे नाव, गाडीच्या कप्प्यात पिस्तूल ठेवण्याची सोय मागणाऱ्या अर्जाच्या समर्थनार्थ घेणे हे मला अनुचित वाटते. शिवाय १९५९ च्या कायद्याने रंगाचा आणि वर्गाचा तो भेद पुसून टाकला आहे. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या एकाच कारणावरून त्यास परवाना नाकारता येणार नाही, असे त्याच्या चौदाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. ज्या कायद्याने शेतमजुराला आणि कारखानदाराला एकच प्रश्न विचारायचे ठरवले, त्याला गुलामगिरीचा अवशेष म्हणणे अन्यायाचे होईल.

आता त्यांच्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे वळतो. गुन्ह्यांत वापरली जाणारी शस्त्रे बहुतांशी बिनपरवाना असतात, गावठी कट्टे असतात. मग परवानाधारकावर एवढा पहारा कशासाठी? यातील पूर्वार्ध सत्य आहे. नाशिकात पकडल्या जाणाऱ्या कट्ट्यांच्या बातम्यांत सातपुड्याच्या पायथ्याच्या, मध्य प्रदेशाच्या सीमेवरील उमर्टीसारख्या गावांची नावे वारंवार येतात आणि त्या कट्ट्यांनी कोणत्याही नमुन्यात अर्ज केलेला नसतो. परंतु परवान्याची शस्त्रे गुन्ह्यात क्वचित दिसतात याचे श्रेय चाळणीला आहे. चाळून घेतलेल्या पिठात खडे सापडत नाहीत, म्हणून चाळणी फेकून द्या, असे घरातली कोणती बाई म्हणेल? आणि जेथे चाळणीची भोके रुंद झाली तेथे काय घडले, हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले आहे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिल लाईन पोलीस ठाण्यात, खुद्द वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, तेव्हाच्या एका आमदाराने प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याचे प्रकरण घडले. त्याचा निवाडा न्यायालय करील. त्यानंतर सहाच दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली आणि मारेकऱ्याने स्वतःवरही गोळी झाडली. ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावे परवान्यावर असलेले होते. गावठी कट्ट्याशी या प्रकरणाचा संबंध नव्हता. परवाना होता, पण शस्त्र परवान्यावर ज्याचे नाव होते त्याच्या हातात नव्हते.

बीडचे उदाहरण याहून बोलके आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. ती पिस्तुलाने झालेली नव्हती. परंतु तिच्या निमित्ताने जिल्ह्याचे दप्तर उघडले गेले तेव्हा त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने दिलेले आढळले, परवानाधारकांत गुन्हे दाखल असलेले लोक निघाले, आणि परवाने रद्द करण्याची मोहीम प्रशासनास हाती घ्यावी लागली. हे बाराशे लोक काही सगळे गुंड नव्हते. पण कंबरेला पिस्तूल असणे ही तेथे प्रतिष्ठेची खूण होऊन बसली होती, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे हे वाचण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. माझे स्नेही म्हणतात, रकाना असून उपयोग झाला नाही, तेव्हा तो काढा. मी म्हणतो, तो वाचला गेला नाही म्हणून हे झाले. तेव्हा तो वाचा.

परवान्यांची संख्या वाढली की समाज निर्धास्त होतो, या समजुतीला आकड्यांचाही आधार नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे २०१६ च्या अखेरीस उत्तर प्रदेशात १२,७७,९१४ शस्त्रपरवाने होते आणि महाराष्ट्रात ८४,०५०. लोकसंख्येचा हिशेब केला तरी तेथील प्रमाण आपल्या साडेआठ पट पडते. त्या साडेआठपट शस्त्रांनी तेथील माणूस आपल्यापेक्षा सुरक्षित झाला, रात्री उशिरा गावाबाहेरच्या रस्त्याने निर्भयपणे जाऊ लागला, असे कोणी म्हणेल काय? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तिकडून आलेले शेकडो कामगार आहेत. त्यांपैकी कोणालाही श्रमिकनगरच्या खोलीवर जाऊन विचारावे, की गावात दारोदार बंदुका असल्याने भाऊबंदकी शमते की पेटते.

आणि शमण्या-पेटण्याचा हा प्रश्नच मुळाशी आहे. सातपुरात माणसे कोणाशी भांडतात, याचा कोणी प्रामाणिकपणे विचार करावा. ज्या शेतांवर वसाहत उभी राहिली त्या शेतांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांना आज सोन्याचा भाव आहे, आणि त्यापायी सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. भागीदार भागीदाराविरुद्ध फिर्याद करतो. गाडी उभी करण्यावरून शेजारी शेजाऱ्याची गचांडी धरतो. यांतले बहुतेक लोक एकवीस वर्षांवरचे आणि गुन्ह्याचा डाग नसलेले आहेत. निवेदनातील मागणीप्रमाणे ते सगळे उद्याचे पात्र परवानाधारक आहेत. आज त्यांचे भांडण शिवीगाळीवर आणि फार तर डोके फुटण्यावर थांबते, आणि महिन्यादोन महिन्यांनी कोणाच्या तरी तेराव्याला किंवा बारशाला मिटते. तेथे पिस्तूल असते तर मिटवायला दुसरा पक्ष उरला नसता.

माझ्या परिचयातील एका परवानाधारकाला मी एका लग्नात जेवताना पाहिले आहे. शेजारच्या दोघांनी आपल्या खुर्च्या न बोलता थोड्या बाजूला सरकवल्या. वरपक्षाचा एक पोरगा सारखा त्यांच्या सदऱ्याच्या उंचवट्याकडे पाहत होता. वाढपी वाकला की यांचा डावा हात नकळत कंबरेकडे जाई. जेवण होईपर्यंत त्या माणसाने एका हातानेच घास घेतला, दुसरा हात शस्त्र राखण्यात गुंतला होता. पुढे त्यांनी आपणहून ते पिस्तूल विकून टाकले. मला म्हणाले, "रात्री तीनदा उठून कपाटाची किल्ली जागेवर आहे का पाहायचो, नातवाला ती जागा ठाऊक झाली होती." शस्त्र घरात ठेवण्याचे ओझे हे असे असते. अभिनेता गोविंदा यांना १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली, तेव्हा समोर कोणी शत्रू नव्हता. ज्या अमेरिकेचे दाखले निवेदनात आहेत, तेथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. ही गोष्ट निवेदनात कोठेही नाही. कर्ज थकलेल्या, मागणी तुटलेल्या, रात्र रात्र जागणाऱ्या लहान कारखानदाराच्या उशाशी भरलेले पिस्तूल असावे, अशी मागणी त्याच्याच हितचिंतकांनी करावी, याचे मला भय वाटते.

"पण निदान हल्ला झाला तर?" असे ते विचारतील. म्यानात झाकलेले पिस्तूल काढायला, खटका सोडायला आणि नेम धरायला जो वेळ लागतो तेवढ्यात मागून आलेली दुचाकी गळ्यातली साखळी ओढून पपया नर्सरीच्या पुढे गेलेली असते. आणि पाळी सुटण्याच्या वेळी आयटीआय सिग्नलवर जो माणसांचा लोंढा असतो, त्यात पाठमोऱ्या चोरावर झाडलेली गोळी कोणाला लागेल हे झाडणाराही सांगू शकणार नाही. राजकीय नेते बाबा सिद्दीकी यांच्यावर १२ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री वांद्र्यात गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा त्यांच्यासोबत सशस्त्र पोलीस अंगरक्षक होता. शिकवलेल्या, पगारी, सरकारी पिस्तुलाला जे साधले नाही ते वर्षातून एकदाही सराव न करणाऱ्या गृहस्थाला साधेल, हा विश्वास कोठून येतो? स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने आपल्याला दिलेलाच आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे, आणि प्राणावर बेतले तर हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत तो जातो. मात्र सरकारी मदत मागण्याइतका अवधी हाती असेल तेथे तो चालत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्यास तो मुभा देत नाही. हा हक्क काठीने बजावता येतो, दाराच्या अडसराने बजावता येतो, आरडाओरड करून शेजार जागा करण्यानेही बजावता येतो.

इतके लिहून मी थांबलो तर एका अन्यायाकडे पाठ फिरवल्यासारखे होईल. ज्यांना खरोखर धोका आहे, असे लोक आहेत. साक्षीदार आहे, सराफ आहे, रात्री रोकड मोजणारा पेट्रोल पंपाचा चालक आहे, छळ करणाऱ्याच्या धमक्या झेलणारी बाई आहे. नियमांनी त्यांच्यासाठीच दार ठेवले आहे: धंद्याच्या वा कामाच्या स्वरूपामुळे ज्यास जीविताच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज आहे, त्याचा अर्ज विचारात घ्यावा, असे २०१६ चे नियम सांगतात. पोलीस ठाण्याने आपला अहवाल तीस दिवसांत द्यावा आणि तो आल्यापासून साठ दिवसांत परवाना अधिकाऱ्याने निर्णय करावा, अशी मुदतही त्यांनी घातली आहे. आणि अहवाल मुदतीत आलाच नाही तर त्याच्यावाचून निर्णय करण्याची मोकळीक कायद्याच्या तेराव्या कलमातच आहे. प्रत्यक्षात काय होते? माझ्या माहितीतील एका अर्जदाराची पोचपावती पाकिटात घडीवर घडी पडून फाटायला आली, पण बारनिशीत नोंदलेला त्याचा कागद कोणत्या टेबलावर आहे हे त्यास कळू शकले नाही. मंजुरी नाही, नकार नाही, कारणही नाही. नकार मिळाला असता तर त्याला अपील करता आले असते. मौनाविरुद्ध अपील कोठे करायचे?

आणि बँकेच्या दारात स्टुलावर दुनळी बंदूक घेऊन बसलेला तो निवृत्त जवान? त्याचा परवाना ही त्याची भाकरी आहे. नूतनीकरण लांबले की बंदूक जमा करावी लागते, आणि बंदूक जमा झाली की नोकरी गेली. दस्त्यावरची पॉलिश त्याच्या तळहाताने झिजलेली मी पाहिली आहे. चाळीस सह्यांच्या त्या निवेदनात त्याच्याविषयी एक ओळ नाही, कारण त्याचा प्रश्न कारणाच्या रकान्याचा नाहीच. त्याचे कारण तर दिवसभर रस्त्यावर सर्वांना दिसत असते.

पूर्वी पगाराच्या दिवशी रोखपाल बँकेतून कापडी पिशवीत रोकड घेऊन रिक्षाने कारखान्यात येई. त्या काळी 'कामगारांचा पगार नेण्यासाठी' हे कारण मी स्वतः एका अर्जावर साक्षीदार म्हणून वाचले आहे, आणि ते खरे होते. आज पगार खात्यावर जमा होतो. धोका काळाप्रमाणे बदलतो, एकाचा सरतो, दुसऱ्याचा सुरू होतो. ज्याचा सरला त्याचे शस्त्र परत यावे आणि ज्याचा सुरू झाला त्याला ते वेळेवर मिळावे, एवढ्यासाठीच तो रकाना आहे.

माझ्या स्नेह्यांनी निवेदन बदलून आणावे. मुदती पाळा, नकाराचे कारण लेखी कळवा, निवृत्त जवानांचे नूतनीकरण अडवून ठेवू नका, आणि दिलेला प्रत्येक परवाना कारण उरले आहे की नाही हे पाहून पुन्हा तपासा, असे त्यात लिहावे. त्याखाली मी पहिली सही करीन, आणि त्या वेळी चहा घेतल्यावाचून त्यांना जाऊ देणार नाही.

आजच्या निवेदनावर माझी सही मिळणार नाही.